पुस्तक तयार झालं, हे सांगायचं होतं

आमची साइट छोटी आहे. डोळ्यांनी वाचता न येणाऱ्या लोकांसाठी काही स्वयंसेवक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात आणि ती साइटवर ऐकायला मिळतात. एखादं पुस्तक यादीत नसेल तर मागणी नोंदवता येते. मग कोणीतरी ते वाचायला घेतं, पंधरा दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी ते तयार होतं आणि मागणी करणाऱ्याला ईमेल जातो. साइटची तांत्रिक बाजू मी सांभाळते.

एकदा एका नियमित वाचक काकांशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता ते म्हणाले, "अगं, मी मागितलेलं पुस्तक अजून झालेलं दिसत नाही. रोज सकाळी उघडून बघतो मी." मी तिथल्या तिथे तपासलं. पुस्तक १९ दिवसांपूर्वीच तयार झालं होतं. ईमेलही गेला होता, पण तो स्पॅममध्ये पडून होता. काका रोज बघत होते ते मागण्यांचं पान, आणि तयार झालेलं पुस्तक तिथून निघून दुसऱ्या विभागात जातं. हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. स्क्रीन रीडरने, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, एक पान शेवटपर्यंत ऐकायला किती वेळ लागतो ते मी जवळून पाहिलंय. १९ दिवस त्यांनी ते केलं होतं.

फोन ठेवल्यावर मी वेब पुशचं, म्हणजे साइटवरून ब्राउझरमार्फत वाचकाच्या फोनवर सूचना पाठवण्याचं काम हातात घेतलं. आधी दोनदा यादीत लिहून मागे ढकललेलं काम होतं ते.

पहिला प्रश्न होता तयार सेवा घ्यायची की लायब्ररी, म्हणजे आपल्या कोडमध्ये जोडता येणारा तयार कोड, वापरून स्वतः करायचं. तयार सेवेत त्यांची एक स्क्रिप्ट पानावर टाकली की बरंचसं आपोआप होतं. पण सूचना घेणाऱ्यांची यादी त्यांच्याकडे राहते. आमच्याकडे कोण येतं, कोण कुठलं पुस्तक मागतं ही माहिती नाजूक आहे. कुणी आजाराबद्दलचं पुस्तक मागतं, कुणी घटस्फोटाच्या कायद्याबद्दलचं. ती आमच्या सर्व्हरबाहेर जावी असं मला वाटत नव्हतं. आमचा सर्व्हर नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर, चालतो आणि नोडसाठी 'वेब-पुश' याच नावाची लायब्ररी आहे. पायथन आणि पीएचपीसाठीही अशा लायब्रऱ्या आहेत, काम तेच करतात. मी नोडचीच घेतली.

सुरुवातीला माझा समज असा होता की लायब्ररी आपल्या सर्व्हरवरून थेट त्या माणसाच्या फोनला संदेश पाठवते. तसं नाही. मध्ये एक तिसरा असतो, पुश सेवा. ती कुठली वापरायची हे ब्राउझर बनवणारा ठरवतो. वाचकाने परवानगी दिली की त्याचा ब्राउझर आपल्या पुश सेवेकडून एक लांबलचक पत्ता आणतो, त्याला एंडपॉइंट म्हणतात, आणि सोबत दोन किल्ल्या देतो. हे सगळं मिळून सबस्क्रिप्शन. ते आपण डेटाबेसमध्ये जपून ठेवायचं. सांगण्यासारखं काही घडलं की संदेश त्या किल्ल्यांनी कुलूपबंद करून त्या पत्त्यावर पाठवायचा. पुश सेवा तो ब्राउझरपर्यंत नेते, ब्राउझर आपल्या साइटच्या सर्व्हिस वर्करला, म्हणजे पानापासून वेगळ्या, मागे चालणाऱ्या स्क्रिप्टला, जागं करतो आणि सर्व्हिस वर्कर सूचना दाखवतो. साइटचं पान उघडं नसलं तरी चालतं. कुलूप लावणं, सही करणं हे किचकट काम लायब्ररी करते. बाकीचं सगळं आपल्यावर असतं, आणि माझा वेळ त्या बाकीच्यातच गेला.

आपल्या सर्व्हरच्या स्वतःच्या किल्ल्यांची वेगळी जोडी तयार करणं एका ओळीचं काम. लायब्ररीची आज्ञा दिली की पब्लिक आणि प्रायव्हेट अशा दोन की समोर येतात. पब्लिक की ८७ अक्षरांची, आणि ती नेहमी कॅपिटल 'बी'ने सुरू होते, कारण मुळातल्या ६५ बाइटांतला पहिला बाइट ठरलेला असतो. हे मला पुढे एका चुकीच्या वेळी उपयोगी पडलं: सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मी दोन्ही की उलट्या जागी चिकटवल्या होत्या आणि पहिलं अक्षर बघूनच ते लक्षात आलं. या जोडीला व्हॅपिड की म्हणतात. संदेश खरंच आपल्याच सर्व्हरने पाठवलाय हे पुश सेवेला त्यावरून कळतं.

इथेच माझी एक संध्याकाळ फुकट गेली. मी ज्या जुन्या मार्गदर्शनावरून चालले होते त्यात आधी एका ठिकाणी प्रोजेक्ट नोंदवून त्याचा क्रमांक मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे साइटची माहिती ब्राउझरला देणाऱ्या फाइलमध्ये, लिहायला सांगितलं होतं. तो क्रमांक कुठून आणायचा हे शोधण्यात तीन तास गेले. पुश क्रोममध्ये २०१५मध्ये आलं तेव्हा ते लागायचं. व्हॅपिड आल्यापासून त्याची गरज नाही, आणि त्याची आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या पद्धती ठरवणारी नियमावली, क्रमांक ८२९२, २०१७मध्येच प्रसिद्ध झालीय. त्यानंतर मी इकडचं तिकडचं वाचणं बंद केलं आणि मूळ तीन आरएफसी वाचल्या: पोचवण्याची पद्धत सांगणारी ८०३०, एन्क्रिप्शनची ८२९१ आणि ही ८२९२. भाषा रूक्ष आहे, पण दोन बैठकांत वाचून होतात. पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचं उत्तर त्यातच होतं.

मग सर्व्हिस वर्कर. बाकीच्या स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये असतात त्याच फोल्डरमध्ये मी ती फाइल ठेवली. नोंदणी यशस्वी झाली, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे एरर दिसतात त्या खिडकीत, एकही लाल ओळ नाही. पण बटण दाबलं की पुढे काहीच होईना. 'सर्व्हिस वर्कर तयार आहे का' हे विचारणारी जी ओळ आहे, तिथेच कोड थांबून राहायचा. एरर नाही, वेळ संपल्याचा निरोप नाही, नुसती वाट बघणं. कारण सापडलं तेव्हा साधं निघालं. सर्व्हिस वर्करचा अधिकार तो ज्या फोल्डरमध्ये आहे तिथपासून खालीच चालतो. माझा वर्कर स्क्रिप्टांच्या फोल्डरचा मालक झाला होता आणि वाचकाचं पान त्याच्या हद्दीबाहेर होतं. त्या पानासाठी कुठलाच वर्कर 'तयार' होणार नव्हता, म्हणून ती ओळ कायम थांबून राहिली. फाइल साइटच्या मुळाशी हलवली आणि लगेच चाललं. एरर दाखवून बंद पडणारा कोड परवडतो, हे असं गप्प बसून राहणं फार वेळ खातं.

सबस्क्राइब करताना पब्लिक की बाइटांच्या रूपात द्यावी लागते. हल्लीचे ब्राउझर तीच की अक्षरांच्या रूपातही घेतात, पण आमच्याकडे जुने फोन वापरणारे बरेच आहेत, म्हणून मी रूपांतर करूनच देते. त्यात एक खाच आहे. ही की वेब पत्त्यात चालेल अशा बेस६४मध्ये, म्हणजे बाइट अक्षरांत लिहिण्याच्या एका पद्धतीत असते. त्यात अधिकच्या चिन्हाऐवजी डॅश, तिरक्या रेघेऐवजी अंडरस्कोर आणि शेवटची बरोबरची चिन्हं गाळलेली. ती बदलून, गाळलेली परत लावून मगच उलगडायची. नाहीतर 'चुकीचं अक्षर' एवढंच सांगून ब्राउझर हात वर करतो.

पहिला संदेश पाठवला तेव्हा सर्व्हरला २०१ असं उत्तर आलं. मी खूश. स्क्रीनकडे बघत बसले आणि वर आली ती एक अनोळखी सूचना: ही साइट मागच्या मागे अपडेट झाली आहे, अशा अर्थाची. मी तर असं काही लिहिलंच नव्हतं! २०१चा अर्थ फक्त एवढाच की पुश सेवेने संदेश स्वीकारला. पुढे वर्करमध्ये काय झालं ते त्यात नसतं. मी साधा मजकूर पाठवला होता आणि वर्कर तो जेसन, म्हणजे ठरावीक मांडणीतला डेटा, समजून उलगडायला गेला, तिथेच कोसळला. आणि मी एरर शोधत होते पानाच्या कन्सोलमध्ये. वर्करचा कन्सोल वेगळा असतो, डेव्हलपर टूल्समधून तो निराळा उघडावा लागतो. क्रोममध्ये सबस्क्राइब करताना आपण 'प्रत्येक पुश वापरणाऱ्याला दिसेल' असं वचन देतो. ते पाळलं नाही की ब्राउझर स्वतःच्या शब्दांत काहीतरी दाखवतो. सफारी तर अशा वेळी परवानगीच काढून घेते. म्हणून आता माझ्या वर्करमध्ये उलगडणं फसलं तरी दाखवायला एक साधं वाक्य तयार असतं.

त्याच भागात दुसरी चूक होती. सूचना दाखवायच्या आधी मी सर्व्हरकडून पुस्तकाची माहिती मागवत होते, पण ते काम 'एवढं होईपर्यंत थांब' असं सांगणाऱ्या वेटअनटिलमध्ये गुंडाळलं नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर नेहमी चालायचं. एका स्वयंसेवकाच्या संथ नेटवर चालेना, कारण उत्तर येईपर्यंत ब्राउझरने वर्कर झोपवलेला असायचा.

मग मी माहिती मागवण्याऐवजी संदेशातच भरायचं ठरवलं. प्रकरणांची यादी, वाचणाऱ्याचं नाव, एकूण वेळ, सगळं. चार पुस्तकांवर चाचणी केली, चारही वेळा सूचना आली. पाचवं पुस्तक जाडजूड होतं आणि त्याला ४१३ आलं, म्हणजे संदेश फार मोठा. मी अक्षरं मोजली, दीड हजारच्या आसपास. मर्यादा तर ४०९६ आहे! पण ती मर्यादा बाइटांची आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचीही चिन्हं वेगळी धरली जातात. 'पुस्तक' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो. त्यात प, उकार, स, हलन्त, त, क अशी सहा चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट. शिवाय एन्क्रिप्शनचा स्वतःचा भार १०३ बाइटांचा. उरतात ३९९३. मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात १३३१ चिन्हं येतात. इंग्रजी मजकुरावर चाचणी करणाऱ्याला ही भिंत तीनपट लांब दिसते, म्हणून याबद्दल फारसं कुणी लिहीतही नाही.

आता संदेशात फक्त पुस्तकाचा क्रमांक, नाव आणि एक ओळ जाते. बाकीचं पान उघडल्यावर दिसतं.

नाव पाठवावं का, यावर मात्र मी दोन दिवस विचार केला. संदेश कुलूपबंद जातो, मधली पुश सेवा तो वाचू शकत नाही, ही व्यवस्था मला मनापासून आवडते. पण फोनच्या लॉक स्क्रीनवर ते नाव उघडं दिसतं, आणि आमच्या वाचकांच्या बाबतीत ते मोठ्याने ऐकूही येतं. घरात चार माणसं बसलेली असताना फोन 'घटस्फोटाचा कायदा' असं बोलला तर? म्हणून मागणी नोंदवतानाच एक चौकट ठेवली, 'सूचनेत पुस्तकाचं नाव नको'. ती खूण केली असेल तर सूचना एवढंच म्हणते: तुमचं पुस्तक तयार आहे.

आता परवानगीबद्दल. या कामात सगळ्यात मोठी चूक माझी इथेच झाली आणि ती कोडची नव्हती.

चाचणीच्या प्रतीत मी साइट उघडताच परवानगी मागत होते. मनात एवढंच होतं की जितक्या लवकर विचारू तितके जास्त लोक हो म्हणतील. चार वाचकांना मी ती प्रत वापरायला दिली, त्यात काकाही होते. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"ते सूचनांचं काही माझ्याकडे येत नाही गं."

"काका, परवानगी द्या असं काही ऐकू आलं होतं का?"

"आलं होतं ना. मी पुस्तकाचं नाव टाइप करत होतो आणि मध्येच काहीतरी इंग्रजीत बोलायला लागलं. मला वाटलं जाहिरात आहे. बंद केलं."

त्यांनी 'ब्लॉक' दाबलं होतं. आणि एकदा नकार दिला की साइटला परत विचारता येत नाही. कोडमधून विचारलं तर ब्राउझर काहीही न दाखवता परस्पर 'नाही' असं उत्तर देतो. ते असंच असायला हवं, नाहीतर लोकांना छळणाऱ्या साइट थांबल्याच नसत्या. पण काकांसाठी याचा अर्थ असा की ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जा, साइटची सेटिंग शोधा, त्यात आमचा पत्ता शोधा, त्यात सूचना शोधा आणि तिथे बदल करा. डोळ्यांनी हे एका मिनिटाचं काम आहे. आम्ही दोघांनी फोनवर ते चाळीस मिनिटं केलं. ते एकेक बटण ऐकून मला सांगायचे, मी माझ्या फोनवर तेच पान उघडून 'अजून दोन पुढे' म्हणायचे. मध्ये एकदा ते चुकून बाहेर पडले आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. ते एकदाही वैतागले नाहीत. मला मात्र फार वाईट वाटलं, कारण हे सगळं माझ्या एका घाईच्या ओळीमुळे त्यांच्या वाट्याला आलं होतं.

फायरफॉक्सने २०२०पासून माणसाने काहीतरी दाबल्याशिवाय ही परवानगी मागूच देत नाही असं केलंय, सफारीतही तसंच आहे. मी ते 'ब्राउझरची अट' म्हणून वाचलं होतं. काकांशी बोलल्यावर ती अट कुणासाठी आहे ते कळलं.

आता साइट उघडल्यावर आम्ही काहीच विचारत नाही. वाचक पुस्तकाची मागणी नोंदवतो, 'मागणी नोंदवली' असं उत्तर येतं आणि त्याच्या खाली एक बटण असतं: 'तयार झाल्यावर या फोनवर कळवा'. ते दाबलं तर आधी आमचं एक वाक्य येतं की आता ब्राउझर परवानगी विचारेल, तिथे अमुक बटण दाबा. मगच ब्राउझरचा खरा प्रश्न. तोपर्यंत वाचकाला हवं काय आहे ते त्याला स्वतःलाच माहीत असतं. त्याच जागी, त्याच आकाराचं 'कळवणं बंद करा' हे बटणही आहे. ते दाबलं की ब्राउझरमधलं सबस्क्रिप्शनही जातं आणि आमच्या डेटाबेसमधली ओळही.

आयफोनवाल्यांची वेगळी तऱ्हा. तिथे वेब पुश मार्च २०२३मध्ये, आयओएस १६.४पासून आलं, आणि तेही साइट होम स्क्रीनवर ठेवली असेल तरच. नुसत्या सफारीच्या टॅबमध्ये पुशची सोयच सापडत नाही. माझं बटण तिथे दाबलं की कोड कोसळायचा. आता आधी तपासते आणि बटणाच्या जागी होम स्क्रीनवर ठेवण्याची कृती लिहिते.

सूचनेच्या मजकुरावर मी आधी फार विचार केला नव्हता. शीर्षकात आमच्या उपक्रमाचं नाव, खाली 'आपण मागणी केलेले पुस्तक तयार झाले आहे' आणि मग नाव. स्क्रीन रीडरने ते ऐकवलं तेव्हा लक्षात आलं की मुद्द्यावर यायच्या आधी दहा-बारा शब्द ऐकावे लागतात. साइटचा पत्ता तर ब्राउझर स्वतःच जोडतो, म्हणजे आम्ही कोण ते दोनदा. आता शीर्षकात पहिलं पुस्तकाचं नाव, मग 'तयार'. खाली एकच ओळ, '१४ प्रकरणं, ९ तास'. भाषेच्या जागी मराठीचा कोड. सजावटीची चित्रचिन्हं काढून टाकली, स्क्रीन रीडर त्यांचंही वर्णन वाचत बसतो.

एका रविवारी रेकॉर्डिंगची मोठी तुकडी चढली आणि एका बाईंना पाच मिनिटांत पाच सूचना गेल्या. मग मी सगळ्यांना एकच टॅग दिला. टॅग सारखा असला की नवी सूचना जुनीच्या जागी बसते. त्यामुळे गोंगाट थांबला, पण पहिली चार पुस्तकं पुसली गेली! शिवाय जागा बदलताना आवाजही होत नाही, तो हवा असेल तर वेगळं सांगावं लागतं. शेवटी वर्करमध्येच आधी पडून असलेल्या सूचना विचारून घेते. एखादी असेल तर दोन्ही मिळून 'तुमची २ पुस्तकं तयार' अशी एक करते आणि नावं खालच्या ओळीत देते.

सूचनेवर दाबल्यावर काय व्हावं याचं नेहमीचं उत्तर असं: साइट आधीच उघडी असेल तर तोच टॅब पुढे आणायचा आणि त्याला नव्या पानावर न्यायचं. आमच्याकडे हे चालत नाही. वाचक त्या टॅबमध्ये एखादं पुस्तक ऐकत असतो, पान बदललं की वाचणाऱ्याचा आवाज वाक्याच्या मध्यात तुटतो. म्हणून वर्कर फक्त टॅब पुढे आणतो आणि पानाला निरोप पाठवतो. पान वरच्या बाजूला 'नवीन पुस्तक उघडा' अशी एक ओळ दाखवतं आणि ऐकणं चालू राहतं. टॅब उघडा नसेल तरच नवा उघडतो.

संदेश किती काळ जिवंत ठेवायचा, म्हणजे टीटीएल, याकडे मी दुर्लक्ष केलं होतं. फोन बंद असेल तर पुश सेवा संदेश तेवढा वेळ सांभाळून ठेवते. या लायब्ररीत आपण काही सांगितलं नाही तर तो काळ चार आठवडे असतो. 'आज ११ ते १२ साइट बंद राहील' ही सूचना एका वाचकाला सहा दिवसांनी फोन चालू केल्यावर मिळाली आणि तो दिवसभर साइटकडे फिरकलाच नाही. आता देखभालीच्या सूचनेला एक तास, पुस्तकाच्या सूचनेला पंधरा दिवस. देखभालीची वेळ बदलली तर दोन्ही संदेशांना एकच टॉपिक देते, म्हणजे न पोचलेला जुना संदेश पुश सेवेतच नव्याने बदलला जातो.

सगळं नीट चालू लागल्यावर एक दिवस अचानक प्रत्येक संदेशाला ४०३ यायला लागलं. ४१० मला ओळखीचं होतं: ते सबस्क्रिप्शन आता अस्तित्वात नाही, वाचकाने परवानगी काढली किंवा ब्राउझरच उडवला, तेव्हा ओळ पुसून टाकायची. ४०४चंही तेच. पण ४०३ म्हणजे तुमची सही जुळत नाही. सर्व्हर नव्या जागी हलवताना मी की तयार करण्याची आज्ञा डिप्लॉयच्या, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवण्याच्या स्क्रिप्टमध्ये घातली होती, 'नसतील तर तयार कर' अशा हेतूने, आणि ती अट तपासणारी ओळ चुकली होती. प्रत्येक डिप्लॉयला नवी जोडी बनत होती. जुनी प्रायव्हेट की कुठेच उरली नव्हती. ज्या किल्लीवर वाचकाने सबस्क्राइब केलं, त्याच किल्लीची सही पुश सेवा मानते, त्यामुळे साठवलेली सगळी सबस्क्रिप्शनं एका फटक्यात निकामी.

पुन्हा सगळ्यांना बटण दाबायला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण एक मार्ग निघाला. परवानगी साइटला दिलेली असते, किल्लीला नाही. म्हणून आता पान उघडलं की कोड गुपचूप तपासतो: परवानगी आहे का, असेल तर सध्याचं सबस्क्रिप्शन कुठल्या किल्लीवर आहे. ती जुनी असेल तर ते रद्द करून नव्या किल्लीवर परत घेतो आणि सर्व्हरला कळवतो. रद्द न करता नवं मागितलं तर ब्राउझर नकार देतो, तो क्रम पाळावाच लागतो. वाचकाला यातलं काही ऐकू येत नाही. बऱ्याच जणांचं आठवडाभरात आपोआप सुरळीत झालं. जे त्या आठवड्यात साइटवर आलेच नाहीत, त्यांना तेवढ्या दिवसांत तयार झालेल्या पुस्तकांबद्दल मी एकेक करून फोन केला. किल्ल्या आता दोन ठिकाणी वेगळ्या जपून ठेवल्या आहेत, आणि त्या तयार करणारी आज्ञा कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नाही.

काकांचं पुढचं पुस्तक तयार झालं त्या रात्री सूचना गेली. सकाळी त्यांचा फोन आला.

"वाजलं. आणि आधी नाव आलं, ते बरं केलंस. लगेच लावलं मी, पहिलं प्रकरण झालंसुद्धा."

मी काही बोलायच्या आत म्हणाले, "फक्त एक सांगू का? साडेबाराला वाजलं. ही दचकून उठली."

स्वयंसेवक बरेचदा रात्री काम संपवून फाइल चढवतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सध्या तेच करतेय. सबस्क्रिप्शनच्या ओळीत वाचकाचा टाइमझोन ठेवायचा आणि रात्री नऊनंतरचे संदेश रांगेत थांबवून सकाळी आठला सोडायचे. रांग झालीये. ज्यांनी आधीच सबस्क्राइब केलंय त्यांचा टाइमझोन पुढच्या वेळी पान उघडलं की येईल, तोवर त्यांचे संदेश मी दुपारीच पाठवते.